भूतमास्तराचा बडग्या

कापगते गुरुजींच्या नखांत बारा महिने माती असायची. वर्गात फळ्यावर सनावळ्या लिहिताना पांढऱ्या खडूमागे ती काळी नखं उठून दिसत. नवे हेडमास्तर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही इतिहासाचे एम. ए. ना? मग हात असे कुंभारासारखे कसे?"

"इतिहास दिवसा, साहेब," गुरुजी म्हणाले. "संध्याकाळी माती."

नरहरी कापगते साकोलीकडच्या धानकऱ्याच्या घरचे. नागपुरात शिकले. भंडाऱ्याकडचे जुने तलाव कोणी बांधले, त्यांचं पाणी गावानं कसं वाटून घेतलं, यावर त्यांचे दोन लेख छापून आले, आणि तिसरा लिहायच्या आधी संसार अंगावर पडला. अठ्ठावन्न साली भिलाईत पोलादाच्या नव्या कारखान्याच्या शाळेला मास्तर हवेत असं कळलं, तेव्हा बायको मनकर्णा, मुलगी ललिता आणि पुस्तकांची एक पेटी घेऊन ते सेक्टर दोनच्या क्वार्टरात राहायला आले. तेव्हा तिथं रस्ता कमी आणि मुरूम जास्त होता. दिवसभर ट्रकांची ये-जा, दोरीवरच्या कपड्यांवर लाल धूळ. मनकर्णाबाई देवाचं वस्त्र दोनदा धुवायच्या. एकदा मळलं म्हणून, आणि वाळता वाळता पुन्हा मळलं म्हणून.

मातीचं वेड गुरुजींना नागपुरात लागलं होतं. ज्या घरी ते खोली घेऊन राहत, तो घरमालक मारबतीचे पुतळे बनवायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत काढतात. बाईचा पुतळा गावभर मिरवायचा, रोगराई, भांडणं, साऱ्या पीडा तिच्या ओटीत घालायच्या आणि "घेऊन जा गे मारबत!" म्हणत वेशीबाहेर नेऊन जाळायचं. तिच्यासोबत पुरुषाचा पुतळा निघतो, तो बडग्या. त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं असेल, त्याचं सोंग बडग्याला द्यायचं. गुरुजी बांबूच्या कामट्या बांधायला शिकले, धानाचं तणस भरायला शिकले, आणि मातीच्या साच्यावर कागद चिकटवून चेहरा तर असा करत की घरमालक म्हणायचा, "कापगते, तू पुस्तकं सोड न बापा."

भिलाईत विदर्भाची माणसं पुष्कळ जमली होती. पोळा झाला की सेक्टरातही मारबत निघायला लागली, आणि बडग्या कापगते गुरुजींचा हे ठरूनच गेलं. मनकर्णाबाई कणकेची खळ करून द्यायच्या, कीड लागू नये म्हणून तिच्यात मेथी वाटून घालायच्या. कागद शाळेतले, तपासून झालेल्या पेपरांचे. "नापास पोट्ट्याचा पेपर जास्त चिकटते," गुरुजी म्हणायचे, "त्याच्यावर शाई कमी असते न." एका वर्षी नळाला पाणी न येण्याचा बडग्या केला, त्याला नाकाच्या जागी कोरडी तोटी. दुसऱ्या वर्षी महागाईचा. पण जित्या माणसाचा चेहरा त्यांनी कधी घेतला नाही. दोष जाळायचा, माणूस नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

तो नियम मोडायला लावला गुलाबराव हटवारांनी.

गुलाबराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क, आणि सेक्टरातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. काळी टोपी, कानामागे पेन्सिल, पानानं रंगलेला खालचा ओठ, आणि डावी भुवई कायम वर चढलेली, जणू समोरचा माणूस खोटं बोलतोय. साठ सालच्या उन्हाळ्यात ते गुरुजींकडे आले होते.

"गुरुजी, एक काम हाय जी. आमचे आजोबा राजाच्या फौजेत सरदार होते. मंडळाच्या स्मरणिकेत आमच्या घराण्याचा इतिहास लिहून द्या. तुमच्या हातचा असला म्हणजे वजन येते."

गुरुजींनी सुट्टीचे पंधरा दिवस घातले. जुने कागद पाहिले, गुलाबरावांच्या गावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं, आणि परत येऊन सरळ सांगितलं, "सरदारकीचा कागद नाही, गुलाबराव. तुमचे आजोबा वैनगंगेच्या घाटावर डोंगा हाकत होते. पुरात सतरा माणसं पार लावली त्यांनी, गावात अजून नाव काढतात. हे लिहितो. सरदार नाही लिहीत."

गुलाबरावांनी पान थुंकलं आणि निघून गेले.

त्याच वर्षी गणपतीत गुरुजींचं व्याख्यान होतं. मांडव भरला होता, बायकांची बाजूसुद्धा. ओळख करून द्यायला गुलाबराव उठले. "आजचे वक्ते भूतकाळाचे मोठे जाणकार. त्यांले वर्तमानातलं काही दिसत नाही. भूतकाळाचे मास्तर, म्हणजे थोडक्यात आपले भूतमास्तर!"

मांडव हसला. गुरुजीही हसले. हसण्यावारी नेलं की संपेल, असं त्यांना वाटलं.

संपलं नाही. भिलाई म्हणजे देशभरातून आलेली माणसं. आंध्रातल्या, बिहारातल्या, पंजाबातल्या शेजाऱ्यांना 'कापगते' म्हणताना जीभ अडखळायची. 'भूतमास्टर' कसं सोपं. दूधवाला म्हणू लागला, पोस्टमन म्हणू लागला, वर्गातली पोरं पाठमोरं म्हणू लागली. सहा महिन्यांत नरहरी कापगते हे नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

आणि मग चैत्रात ललिताला पाहायला पाहुणे येणार होते.

ललिता एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, बोलायला कमी आणि बघायला तेज. मनकर्णाबाईंनी तिच्यासाठी सोळा सोमवार केले होते, पुरते, उद्यापनासकट. स्थळ लाखांदूरकडचं, मुलगा तहसिलीत. मुलाचे वडील देवाजी आणि मामा असे दोघं येणार होते, जवळच्या कोहका गावात त्यांचा नातलग होता त्याच्याकडे उतरून. मनकर्णाबाईंनी सकाळीच करंज्या तळल्या, देवापुढं पहिली ठेवली. ललितानं निळी साडी नेसली. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. तळलेल्या करंज्या मऊ पडल्या. कोणी आलं नाही.

तीन दिवसांनी कोहक्याच्या नातलगानं येऊन, चप्पल न काढता दारातच सांगितलं. पाहुणे आले होते. कोपऱ्यावर चंपतच्या पानठेल्यापाशी त्यांनी 'कापगते कुठं राहतात' म्हणून विचारलं. चंपत म्हणाला, "कापगते कोण जी? अच्छा, भूतमास्तर का? ते काय, समोर मुंडके टांगून हायेत, तेच घर."

देवाजींनी समोर पाहिलं. गुरुजींच्या ओसरीत तारेवर कागदाची तीन मुंडकी वाळत टांगली होती. अजून डोळे न काढलेली. देवाजी गावाकडचा माणूस, करणीला भिणारा. तो तिथूनच मागं फिरला. "भुताखेतांच्या घरात मी पोरगा देत नाही," एवढंच कोहक्यात बोलला आणि गाडी धरली.

ललिता आतून ऐकत होती. रडली नाही. उठून तिनं तारेवरची तिन्ही मुंडकी काढली, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, भिंतीकडं तोंड करून. शेजारपाजारी सांगायचं ठरलं की पाहुण्यांनी तारीख पुढं ढकलली. मोडलेली सोयरीक बाहेर कळली की पुढची येत नाही, हे कोणत्या आईला सांगावं लागतं?

गुरुजींनी ती भिंतीकडं वळवलेली मुंडकी पाहिली. त्यांनी एखाद्या जुन्या कागदाची करावी तशी त्या नावाची चौकशी केली. चंपतनं कोणाकडून ऐकलं? दूधवाल्याकडून. दूधवाल्यानं? मंडळाच्या शिपायाकडून. एकेका पायरीनं मागं जात ते गणपतीच्या मांडवात पोचले. माहीत तर आधीच होतं, पण पुराव्याशिवाय शिक्षा करायची नाही ही त्यांची सवय. पुरावा पुरा झाल्यावर ते मनकर्णाबाईंना म्हणाले, "या पोळ्याले गुलाबरावाले जाळतो."

"कावून असं बोलता? माणसाचा बडग्या करत नाही तुम्ही. तुमचाच नियम हाय."

"माझाच हाय न? मग मीच मोडतो."

"वरून देव पाहून राहिला."

"पाहू दे. त्यानं चैत्रात पाहाले पाहिजे होतं."

मनकर्णाबाईंनी दोन्ही कानांना हात लावले आणि देवापुढं जाऊन बसल्या. पण दुसऱ्या दिवशी खळ मागितली तेव्हा त्यांनी केली. मेथीही वाटून घातली. त्यांचंही आईचंच काळीज होतं.

मग गुरुजी रोज संध्याकाळी चंपतच्या ठेल्यावर जाऊ लागले. स्वतः पान खात नसत, गुलाबराव खात ते बघत. ओठ कुठून लोंबतो, नाकाची उजवी पाळी किती फुगते, भुवई चढते तेव्हा कपाळावर घड्या किती पडतात. तीन. गुलाबरावांनी एकदा विचारलंच, "काय पाहून राहिले, गुरुजी?"

"काही नाही. चेहऱ्यावर तेज आलं तुमच्या."

गुलाबराव खूश झाले. त्यांनी चंपतला गुरुजींसाठी एक मसाला पान लावायला सांगितलं. गुरुजींनी ते घेतलं आणि घरी नेऊन नालीत टाकलं.

बडग्याचं मुंडकं करताना त्यांना जे सुख मिळालं, ते दोन्ही लेख छापून आले तेव्हाही मिळालं नव्हतं. ओल्या कागदाचा थर चढवायचा आणि तळहातानं थापटायचं. गालावर एक, पुन्हा एक, दुसऱ्या गालावर दोन. "आज तुम्ही त्याले लई थापडा मारून राहिले," मनकर्णाबाई म्हणाल्या. भुवई सहा वेळा खरवडून पुन्हा केली. सातव्यांदा ती अशी चढली की ललिता पाण्याचा तांब्या घेऊन आत आली आणि दारातच थबकली. तांब्या ठेवला, मुंडक्याकडे खूप वेळ पाहिलं आणि गेली.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच गर्दी जमली. पुढं मारबत, मागं ढोल, त्यामागं हातगाडीवर चादरीखाली झाकलेला बडग्या. बायका नेहमीसारख्या रस्त्याच्या कडेनं. टाउनशिप संपून मोकळं रान सुरू होतं तिथं मिरवणूक थांबली आणि गुरुजींनी चादर ओढली.

क्षणभर ढोलही थांबला. मग कोणीतरी फसकन हसलं आणि हशाची लाट उसळली. ओठ तोच, पेन्सिल कानामागे तीच, आणि भुवई तर बाप रे. फक्त डोकं उघडं होतं. टोपी कागदाची नीट बसत नव्हती म्हणून गुरुजींनी घातली नव्हती.

"अरे, हे तर आपले सेक्रेटरी!"

गर्दी दुभंगली आणि गुलाबराव पुढं आले. गुरुजी त्यांच्या चेहऱ्याकडं टक लावून उभे होते. पाच महिने याच घडीसाठी त्यांनी कागद भिजवले होते. आता हा चेहरा पडेल. आता पांढरा होईल.

गुलाबराव बडग्याभोवती एक फेरी मारून आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आणि मोठ्यानं हसले.

"वा गुरुजी, वा! मंत्र्यांचे बडगे निघतात, मोठ्या साहेबांचे निघतात. आज गुलाबराव हटवाराचा निघाला! म्हणजे आपण बी त्यांच्यात बसलो म्हणायचं!" त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची काळी टोपी काढली आणि पुतळ्याला घातली. "टोपी राहिली होती तुमची. घ्या, आता झाला पुरा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी "सेक्रेटरी साहब की जय!" ओरडलं. एकानं झेंडूचा हार आणून बडग्याच्या गळ्यात घातला.

गुरुजींच्या हातात पेटलेला टेंभा होता. ज्याला जाळायला आणलं त्याचा सत्कार झाला होता. खरं कारण सांगितल्याशिवाय हा डाव उलटणार नव्हता. आणि खरं कारण सांगायचं म्हणजे चैत्रात दारासमोरून मागं फिरलेले पाहुणे साऱ्या सेक्टरासमोर उभे करायचे, ललिताच्या अंगावर तो डाग स्वतःच्या हातानं लावायचा. ते उभेच राहिले. टेंभ्याचं तेल मनगटावर ठिबकत होतं.

"बाबा, मले द्या."

ललिता बायकांच्या रांगेतून केव्हा आली ते कोणाला कळलं नाही. निळी साडी नेसली होती, तीच.

"तू जाय घरी," गुरुजी पुटपुटले.

"द्या न."

तिनं टेंभा घेतला. आवाज बारीकच होता तिचा, पण सकाळच्या मोकळ्या रानात दूरवर गेला. "लोकांले नावं ठेवणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" गर्दीनं सवयीनं साथ दिली, मजेत.

"माह्या बापाले भूतमास्तर म्हणणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

या खेपेला साथ कमी आली. पुष्कळांच्या ओठांवर ते नाव त्याच सकाळी येऊन गेलं होतं.

"ते नाव ऐकून माह्या दारासमोरून पाहुणे परत गेले. त्यांले परत पाठवणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

आता पुरुष गप्प झाले. साथ फक्त बायकांनी दिली, हळू आवाजात, आणि त्यांत गुलाबरावांची बायको रुक्माही होती. पुरुषांच्या मागं पानठेलेवाला चंपत उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. ललितानं टेंभा बडग्याच्या छातीला लावला. तणसानं भपकन पेट घेतला, हार जळला, टोपी जळायला लागली. गुलाबरावांचा हात नकळत स्वतःच्या उघड्या डोक्याकडं गेला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, उतरवायचं विसरल्यासारखं. गुरुजींनी ते शेवटपर्यंत पाहिलं, एक थेंबही न सांडता प्यावं तसं.

मारबत जाळली की पाय धुवून मागं न पाहता घरी यायचं असतं. गुरुजींनी तीनदा मागं पाहिलं.

घरी मनकर्णाबाईंनी सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. "गेलं आता. तिच्यासंगं पाठवलं ते परत आणायचं नसते. मनातून काढून टाका."

"तुले जमते, तू टाक," गुरुजी म्हणाले. "मी इतिहासाचा माणूस. जपून ठेवणं हेच माझं काम."

तिसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, गुलाबराव फाटकाशी येऊन उभे राहिले. नवी टोपी घेतली नव्हती. डोक्यावर टक्कल आहे हे सेक्टराला पहिल्यांदाच कळत होतं. गुरुजी अंगणात कामट्या सोलत बसले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि हातातली कामटी संपेपर्यंत पुन्हा मान वर केली नाही. मग दुसरी घेतली. ती संपवली. तिसरी संपवली.

"गुरुजी," शेवटी गुलाबरावच म्हणाले, "रुक्मा दोन दिवस बोलून नाही राहिली माझ्याशी. मले खरंच माहीत नव्हतं जी, पोरीचं असं झालं म्हणून. मी लाखांदूरले जातो. देवाजीच्या पाया पडतो. सांगतो त्याले, भूत नाही न काही नाही."

"बोललेलं उडून जाते," गुरुजी म्हणाले. "लिहून द्या."

"लिहून?"

"तारीख, वार, सही. नाव कोणी ठेवलं, कुठं ठेवलं, कावून ठेवलं."

आतून ललिता दारात आली. "बाबा, ते परत आले तरी मी त्या घरी नाही जात," ती म्हणाली. "जो माणूस कोपऱ्यावरून पळते, तो पुढं काय करन? पण कागद त्यांच्याकडं धाडा. त्यांले कळू द्या, कोणाच्या घरून पळाले ते."

"ऐकलं?" गुरुजी गुलाबरावांना म्हणाले. "या आत."

गुलाबराव ओसरीत चटईवर बसले. गुरुजींनी त्यांच्यापुढं कोरा कागद आणि दौत ठेवली आणि स्वतः स्टुलावर, वरच्या बाजूला, वर्गात बसत तसे बसले. गुलाबरावांनी लिहिलं, 'गणपती उत्सवात मी गंमतीनं कापगते गुरुजींना'.

"गमतीनं नाही," गुरुजी वरून वाचत म्हणाले. "'ग'वर अनुस्वार नाही, न गंमत बी नव्हती. खरं कारण लिहा. दुसरा कागद घ्या."

दुसऱ्या कागदावर गुलाबरावांचा हात थांबत थांबत चालला. माझे आजोबा सरदार नव्हते, वैनगंगेच्या घाटावर डोंगा हाकत असत, हे गुरुजींनी मला खरं सांगितलं, त्याचा राग धरून मी त्यांना भूतमास्तर म्हटलं. एवढं लिहिताना त्यांच्या कपाळावर घाम आला. लिहून झाल्यावर त्यांनी कागद पुढं केला. गुरुजींनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा, मुद्दाम, मोठ्यानं, शेजारच्या क्वार्टरात ऐकू जाईल असा.

आत मनकर्णाबाईंना राहवलं नाही. शत्रू असला तरी ओसरीत बसलेला माणूस. त्या चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि गुलाबरावांनी दोन्ही हात पुढं केले.

"चहा नंतर," गुरुजी म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिल काढून शेवटच्या ओळीतल्या एका शब्दाभोवती गोल केला आणि कागद परत चटईवर ठेवला. "आधी तिसरा कागद घ्या. 'पश्चात्ताप' लिहिलं तुम्ही, त्याच्यात एक 'त' कमी हाय."